मेनू फोटोमागं का जात होता? बारवांच्या पानावरची उतरंड

"बाई, तालुक्याची यादी उघडायलोय, तर ती फोटोच्या मागं जायलीय. गंगाखेड दिसतंय, जिंतूर दिसतंय, त्याच्या खालचं काहीच दिसंना. सेलू कामून दिसंना?"

मामांचा फोन आला तेव्हा ते वालूरच्या बारवेच्या, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीच्या, काठावर उभे होते. वालूर सेलू तालुक्यात येतं. तिथली चक्राकार बारव गावकऱ्यांनी गाळ उपसून मोकळी केली आणि आता ती बघायला लांबलांबून माणसं येतात. दिवस एप्रिलचे होते. पाणी तळाला गेलं की पायऱ्या उघड्या पडतात, म्हणून मामांची मोजमापं उन्हाळ्यातच चालतात. भोवती गावातली चार-पाच मंडळी जमली होती, त्यांना मोबाइलवर बारवांचं आमचं वेबपान दाखवावं म्हणून मामांनी ते उघडलं, आणि यादीत नेमकं त्यांचाच तालुका दिसेना. मी म्हटलं, "मामा, काल रात्री तर चालत होतं, मी स्वतः बघितलंय." ते म्हणाले, "काल चालत असंल. आज चालंना."

मामा शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्तीनंतर टेप, वही आणि पाण्याची बाटली घेऊन परभणी जिल्ह्यातल्या बारवा मोजत फिरतात. किती बाजूंनी खाली उतरता येतं त्यावरून बारवेचे प्रकार ठरतात: एका बाजूनं वाट असेल तर नंदा, दोन बाजूंनी भद्रा, तीन बाजूंनी जया, चारी बाजूंनी विजया. हे त्यांनी मला चौथीत असताना चारठाण्याला नेऊन शिकवलं होतं. मी घरी बसून वेबसाइटची कामं करते, दुकानांची, दवाखान्यांची, कोचिंग क्लासेसची. मामांच्या सहा वह्या एका पानावर आणायच्या हे गेल्या दिवाळीत ठरलं. माझ्या आजवरच्या कामांत मला सगळ्यात जिव्हाळ्याचं वाटलेलं काम हेच.

पानाची मांडणी साधी. वर एक पट्टी, त्यात तालुक्यांचा आणि प्रकारांचा मेनू. त्याखाली बारवांची कार्डं, प्रत्येकावर फोटो आणि कोपऱ्यात प्रकाराची छोटी चिठ्ठी. सगळ्यात खाली नकाशा. आदल्या रात्री मी त्यात एकच बदल केला होता. पट्टीचा गडद रंग मामांना खुपत होता, "दगड झाकायलाय तो" म्हणाले, म्हणून मी पट्टीला ओपॅसिटी ०.९६ दिली. म्हणजे पट्टी किंचित पारदर्शक झाली, बस्स. मेनूला मी हातही लावला नव्हता.

संध्याकाळी कॉम्प्युटरवर बसले आणि अशा वेळी हात आपोआप जिथं जातो तिथंच गेला. मेनूचा झेड-इंडेक्स, म्हणजे कोण कुणाच्या वर दिसावं ते सांगणारा आकडा, १० होता, तो ९९९९ केला. फरक पडला नाही. ९९९९९ केला. नाही. मग ब्राउझर घेतात तो सगळ्यात मोठा आकडा टाकला, २१४७४८३६४७. बत्तीस बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकाची ती मर्यादा. त्यापुढं आकडा नाहीच. दोनशे चौदा कोटींच्या वरचा तो आकडा घेऊनसुद्धा मेनू फोटोमागंच, आणि ज्या कार्डानं तो झाकला होता त्या कार्डाला झेड-इंडेक्स दिलेलाच नव्हता. तेव्हा लक्षात आलं की हा आकडा लहान-मोठा असण्याचा प्रश्नच नाही. दुसरंच काहीतरी आहे.

मग जुनी रीत धरली. पट्टीचे नियम एकेक करून बंद करत गेले. सावली बंद केली, काही नाही. गोल कोपरे, काही नाही. ओपॅसिटीची ओळ बंद केली आणि मेनू झटकन वर आला, सगळे नऊ तालुके, गंगाखेडपासून सोनपेठपर्यंत. ओळ परत चालू केली की मेनू मागं. मी हे सहा-सात वेळा करून बघितलं, कारण माझा विश्वास बसत नव्हता. पारदर्शकता हा रंगाचा मामला. कोण वर आणि कोण खाली याच्याशी तिचा काय संबंध?

तिथंच थांबून ओपॅसिटीची ओळ काढून टाकता आली असती, पान चालू झालं असतं. पण कारण कळल्याशिवाय मला झोप लागली नसती. मी त्या रात्री आणि पुढच्या दोन संध्याकाळी वाचत बसले. जाणकारांची स्पष्टीकरणं वाचली, आणि शेवटी सीएसएसचा, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेचा, मूळ दस्तऐवजच काढला. झेड-इंडेक्स १९९८ सालच्या सीएसएसच्या दुसऱ्या आवृत्तीपासून आहे. त्या आवृत्तीची सुधारित २.१ ही डब्ल्यूथ्रीसी या वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेची शिफारस म्हणून ७ जून २०११ ला पक्की झाली, आणि तिच्या परिशिष्ट ई मध्ये ब्राउझरनं पान कोणत्या क्रमानं रंगवायचं ते पायरी पायरीनं लिहिलेलं आहे. इतकी वर्षं हे काम करूनही मी ते परिशिष्ट कधी उघडलं नव्हतं. ते वाचताना माझ्या डोळ्यांपुढं आजीचं माळवदाचं घर उभं राहिलं, म्हणून मी इथं त्याच वाटेनं सांगते.

आजीच्या सैपाकघरात भिंतीला उतरंडी होत्या. खाली मोठा डेरा, त्यावर मडकं, त्यावर गाडगं, सगळ्यात वर लहानसं बोळकं. एकीत ज्वारीचं पीठ आणि डाळी, दुसरीत तिखट-मीठ, बियाणं. काही उतरंडी जमिनीवर, काही फळीवर. आता जमिनीवरच्या उतरंडीतलं बोळकं घ्या. आपल्या उतरंडीत ते सगळ्यात वर. पण फळीवरच्या उतरंडीतला अगदी तळाचा डेरासुद्धा त्याच्याहून उंचावर. त्या बोळक्याला फळीच्या वर न्यायचं असेल तर त्याच्या खाली अजून दहा गाडगी रचून उपयोग नाही, अख्खी उतरंड उचलून फळीवर ठेवावी लागते.

सीएसएसमध्ये या उतरंडीला स्टॅकिंग कॉन्टेक्स्ट म्हणतात. झेड-इंडेक्सचा आकडा फक्त आपल्या उतरंडीतली जागा सांगतो. बाहेरच्या जगात तो आकडा जातच नाही, बाहेर मोजली जाते ती उतरंडीची स्वतःची जागा. माझ्या मेनूचे दोनशे चौदा कोटी हे पट्टीच्या आतले होते.

मग पट्टी मुळात उतरंड कशी झाली? तर ओपॅसिटीमुळं. एक घटक आणि त्याच्या पोटातलं सगळं मिळून ९६ टक्के दिसायचं असेल, तर ब्राउझरला आधी ते सगळं एकत्र रंगवून त्याचं एकच चित्र करावं लागतं आणि मग त्या अख्ख्या चित्राला पारदर्शक करावं लागतं. एकेक तुकडा वेगळा पारदर्शक केला तर एकावर एक आलेल्या तुकड्यांतून खालचे तुकडे दिसायला लागतील. आणि एकच चित्र करायचं म्हटल्यावर बाहेरचं कार्ड त्या चित्राच्या मध्ये, पट्टीच्या वर पण मेनूच्या खाली असं घुसू शकत नाही. चित्र एकतर पूर्ण वर किंवा पूर्ण खाली. हे समजलं तेव्हा मला फार बरं वाटलं. नियम पाठ करणं वेगळं आणि तो तसाच का असावा लागतो हे दिसणं वेगळं.

हेच कारण बाकीच्या ठिकाणीही लागू पडतं. ट्रान्सफॉर्मनं घटक सरकवला, फिरवला, मोठा केला, फिल्टरनं धूसर केला, क्लिप-पाथनं आकारात कापला, मास्क लावला, ब्लेंड-मोडनं खालच्या रंगात मिसळला, या सगळ्यांत आतलं सगळं एक गठ्ठा म्हणून हाताळायचं असतं, म्हणून तिथं नवी उतरंड सुरू होते. पोझिशन, म्हणजे घटक कशाच्या आधारानं बसवायचा तो नियम, रिलेटिव्ह किंवा ॲब्सोल्यूट असेल आणि झेड-इंडेक्सला आकडा दिला असेल, तर होते. ऑटो ठेवला तर होत नाही, हा फरक बारीक असला तरी फार कामाचा आहे. पोझिशन फिक्स्ड (पडद्याला चिकटलेलं) किंवा स्टिकी (पान सरकवल्यावर वर अडकून राहणारं) असेल तर आकडा दिला नाही तरी होते. फ्लेक्स आणि ग्रिड या मांडणीच्या पद्धतींतल्या थेट मुलांना, म्हणजे लगेच आतल्या घटकांना, पोझिशन न देताही झेड-इंडेक्स लागू होतो, आणि आकडा दिला की तीही आपापली उतरंड मांडतात. विल-चेंजमध्ये, म्हणजे पुढं काय बदलणार ते ब्राउझरला आधीच सांगणाऱ्या नियमात, नुसतं ट्रान्सफॉर्म लिहून ठेवलं, प्रत्यक्ष काही हललं नाही, तरी होते. ही शेवटची गोष्ट मला पुढं चांगलीच नडली, ते येईलच.

एका उतरंडीच्या आत रंगवण्याचा क्रम असा. आधी त्या घटकाची स्वतःची पार्श्वभूमी आणि किनार. त्यावर उणे झेड-इंडेक्सवाली मुलं. त्यावर साधे, जागेवरून न हलवलेले ठोकळे. मग फ्लोट केलेले, म्हणजे कडेला सरकवलेले. मग ओळीतला मजकूर. मग पोझिशन दिलेले पण आकडा ऑटो किंवा शून्य असलेले, आणि त्यांच्याच रांगेत ओपॅसिटी-ट्रान्सफॉर्मवाले. सगळ्यात शेवटी शून्याहून मोठ्या आकड्यांचे, चढत्या क्रमानं. एकाच पायरीवर दोघं आले तर एचटीएमएलमध्ये, म्हणजे पानाचे घटक मांडणाऱ्या भाषेत, जो नंतर लिहिलाय तो वर.

आता माझं पान या क्रमात बसवून बघा. पूर्वी पट्टीची पोझिशन रिलेटिव्ह होती, आकडा नव्हता, म्हणजे ती उतरंड नव्हती. तिच्या पोटातला मेनू १० हा आकडा घेऊन थेट पानाच्या मोठ्या उतरंडीत शेवटच्या पायरीवर उभा राहायचा. कार्डांना कोपऱ्यातल्या चिठ्ठीसाठी रिलेटिव्ह दिलं होतं, आकडा नव्हता, म्हणून ती त्याच्या एक पायरी खाली. सगळं सुरळीत. ओपॅसिटी आली आणि पट्टीची उतरंड झाली. मेनू तिच्यात बंद झाला आणि अख्खी पट्टी शून्याच्या पायरीवर, म्हणजे कार्डांच्याच पायरीवर आली. कार्डं एचटीएमएलमध्ये नंतर, म्हणून ती वर. एवढ्यासाठी सेलू तालुका दिसत नव्हता.

दुरुस्ती दोन ओळींची झाली. ओपॅसिटी काढून पारदर्शकता फक्त पट्टीच्या पार्श्वभूमीच्या रंगात दिली, रंग लिहिण्याच्या आरजीबीए पद्धतीतल्या चौथ्या आकड्यातून. त्यात आणखी एक फायदा निघाला: अक्षरं पूर्ण ठळक राहिली, आधी तीही किंचित फिकी पडत होती. आणि झेड-इंडेक्स मेनूवरून काढून पट्टीला दिला, १०. दोन्हींपैकी एकानंही काम भागलं असतं. मी दोन्ही ठेवले, कारण मेनूला वर काढायचं तर त्याची पट्टी वर हवी हे फाइल वाचणाऱ्याला तिथंच दिसावं असं मला वाटतं.

मामांना फोन करून सांगितलं. म्हणाले, "मंग आता असं कर, ती पट्टी वरच राहू दे. पान खाली सरकवलं की ती जायलीय, परत वर यावं लागायलंय." मागणी रास्त होती. रिलेटिव्हच्या जागी स्टिकी लिहिलं. कार्डांवरून पट्टी छान तरंगत गेली. खाली नकाशापर्यंत आले आणि अख्खा नकाशा पट्टीवर चढला, झूमच्या अधिक-उणे बटणांसकट.

या वेळी मात्र आकड्याला हात लावला नाही. वही घेतली. नकाशा लीफलेट या तयार कोडच्या लायब्ररीनं काढलेला होता. तिच्या सीएसएसमध्ये आतल्या थरांना नीट क्रम लावून दिलेला आहे: नकाशाच्या फरशा २००, त्यावरच्या रेषा ४००, खुणांच्या सावल्या ५००, खुणा ६००, खुणेवर बोट ठेवल्यावर उघडणारी माहितीची चौकट ७००, आणि कोपऱ्यातली बटणं १०००. नकाशाच्या आत हा क्रम अगदी बरोबर आहे, मध्ये अंतरही ठेवलंय, म्हणजे आपला एखादा थर घालायचा तर जागा मिळते. चूक माझ्या बाजूची होती. नकाशा ज्या डबीत ठेवला त्या डबीला मी उतरंडच केलं नव्हतं, त्यामुळं आतले शेकड्यांतले आकडे बाहेर सांडून पानाच्या मोठ्या उतरंडीत येत होते आणि माझ्या पट्टीच्या १० शी त्यांची बरोबरी होत होती.

सोपा मार्ग होता पट्टीला १००१ करायचा. मी तो मुद्दाम टाळला. आज १००१, उद्या दुसरं काही आणलं की त्याचे १०५०, मग पट्टी १०५१. ही चढाओढ मी दुसऱ्यांच्या फाइलींमध्ये पाहिलेली आहे आणि त्या फाइली दुरुस्त करताना दिवस गेलेले आहेत. त्याऐवजी नकाशाच्या डबीला एकच ओळ दिली: आयसोलेशन, आयसोलेट. या नियमाचं काम एवढंच, इथून नवी उतरंड सुरू करायची. रंग बदलत नाही, जागा बदलत नाही, पोझिशन लागत नाही, आकडा लागत नाही. नकाशाचे २०० ते १००० आतल्या आत राहिले, बाहेरून डबी शून्याच्या पायरीवर गेली आणि पट्टी तिच्यावरून सरकू लागली. या गुणधर्माबद्दल मला मनापासून आदर वाटतो. बाहेरून आणलेली कुठलीही वस्तू पानावर बसवताना, मग ती नकाशा असो, फोटोंची सरकती माळ असो की आलेख, तिच्या डबीला मी आता आधी ही ओळ देते.

वहीत मी काय करते ते इथं जरा सविस्तर सांगते, कारण बाकी सगळं विसरलं तरी ही पद्धत उपयोगी पडते. भद्रा प्रकारच्या बारवेत समोरासमोरच्या दोन जिन्यांनी दोघं खाली उतरली तर शेवटी पाण्याशी एकमेकांना भेटतात. तसंच करायचं. एक घटक जो वर यायला हवा, दुसरा जो त्याला झाकतोय. ब्राउझरच्या इन्स्पेक्टरमध्ये, म्हणजे पानाचे घटक तपासायच्या साधनात, पहिल्यापासून सुरू करून आई, आजी, पणजी असं एचटीएमएलच्या मुळापर्यंत जायचं आणि वाटेत उतरंड कुठं कुठं सुरू होते ते वहीत एकाखाली एक लिहायचं. दुसऱ्यासाठीही तेच. मग दोन्ही याद्यांमध्ये सामाईक असलेली सगळ्यात जवळची उतरंड शोधायची. लढत तिथंच असते. त्या उतरंडीत या बाजूनं कोण उभं आहे आणि त्या बाजूनं कोण, त्या दोघांचीच पायरी आणि आकडा ताडून बघायचा. त्याच्या आतल्या कशालाही हात लावून काही होत नाही. माझ्या पहिल्या घोळात एका बाजूनं उभी होती पट्टी आणि दुसऱ्या बाजूनं कार्ड. मी मात्र आकडे वाढवत होते मेनूचे, जो त्या लढतीत नव्हताच.

एज ब्राउझरच्या साधनांत थ्रीडी व्ह्यू म्हणून एक सोय आहे, तिच्यात पान तिरकं होऊन थर वेगवेगळे उभे दिसतात. शिकताना एकदा जरूर बघावं. पण रोजच्या कामाला मला वहीच बरी वाटते.

तिसरा घोळ फोटोंचा, आणि तो सगळ्यात चिवट निघाला. कार्डावर बोट टेकवलं की बारवेचा मोठा फोटो पूर्ण पडद्यावर उघडायला हवा होता. त्यासाठी मी कार्डाच्या आतच एक चौकट ठेवली होती, पोझिशन फिक्स्ड, चारी बाजू शून्य. फिक्स्ड म्हणजे पडद्याला चिकटलेलं, असंच मी शिकले होते. एके दिवशी कार्डं बोटाखाली जरा मोठी व्हावीत म्हणून ट्रान्सफॉर्म लावलं आणि हालचाल सुबक दिसावी म्हणून सोबत विल-चेंज. त्यानंतर मोठा फोटो उघडेना. म्हणजे उघडायचा, पण कार्डाएवढाच, आणि शेजारच्या पुढच्या कार्डाची चिठ्ठी त्याच्या कडेवर चढलेली.

यात दोन गोष्टी एकाच वेळी घडत होत्या, म्हणून मला उशीर लागला. एक तर विल-चेंजमुळं प्रत्येक कार्ड उतरंड झालं होतं, त्यामुळं फोटोची चौकट आपल्या कार्डाबाहेर कोणाच्याही वर जाऊ शकत नव्हती. दुसरी गोष्ट उतरंडीच्या पलीकडची आहे. ज्या घटकावर ट्रान्सफॉर्म किंवा फिल्टर आहे, किंवा विल-चेंजमध्ये त्यांचं नाव आहे, त्याच्या पोटातल्या फिक्स्ड घटकाला पडदा दिसतच नाही. तो त्या पूर्वजालाच आपली चौकट मानतो. माझ्या फोटोला चारी बाजू शून्य म्हणजे कार्डाच्या चारी बाजू. तो नियम अक्षरशः पाळत होता.

चौकट कार्डातून काढून पानाच्या शेवटी ठेवता आली असती आणि पूर्वी मी तसंच केलं असतं. पण वाचताना डायलॉग या एचटीएमएल घटकाबद्दल वाचलं होतं. तो शोमोडल या आज्ञेनं उघडला की ब्राउझर त्याला सगळ्या उतरंडींच्या बाहेर, टॉप लेयर नावाच्या वेगळ्या थरात नेऊन ठेवतो. तिथं झेड-इंडेक्स चालतच नाही. जो नंतर उघडला तो वर. एचटीएमएलमध्ये तो कार्डाच्या कितीही आत असू दे, कार्डावर ट्रान्सफॉर्म असू दे, त्याला फरक पडत नाही. मागचं पान झाकोळण्यासाठी बॅकड्रॉप आपोआप मिळतो, एस्केप दाबलं की तो बंद होतो, आणि उघडा असेपर्यंत मागच्या बटणांवर चुकूनसुद्धा बोट पडत नाही. क्रोममध्ये ही सोय २०१४ पासून होती, फायरफॉक्स आणि सफारीत मार्च २०२२ मध्ये आली. तेव्हापासून ती निर्धास्त वापरता येते. मामांच्या जुन्या फोनवरही उघडून बघितलं. वालूरचा फोटो पहिल्यांदाच पूर्ण पडदाभर आला, गोल फिरत खाली गेलेल्या पायऱ्या. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सांजच्याला काढलेला बरा आलाय. दुपारचा टाकू नको."

एक-दोन बारक्या गोष्टी राहिल्या. कार्डाच्या शीर्षकामागं मामांनी काढलेलं पायऱ्यांचं फिकट रेखाटन ठेवायचं होतं. झेड-इंडेक्स उणे १ दिला आणि रेखाटन नाहीसं झालं. विल-चेंज तोवर मी काढून टाकलं होतं, म्हणजे कार्ड आता उतरंड नव्हतं, आणि उणे १ घेऊन रेखाटन कार्डाच्याही मागं, मधल्या विभागाच्या पांढऱ्या रंगामागं जाऊन बसलं. कार्डाला आयसोलेट दिलं की ते कार्डाच्या रंगावर आणि मजकुराखाली नेमकं थांबलं. उणे आकडा तळ सापडेपर्यंत खाली जातो, तळ आपण द्यायचा.

आणि प्रकाराची चिठ्ठी कार्डाच्या कडेबाहेर थोडी यावी म्हणून मी एक संध्याकाळ झेड-इंडेक्स बदलत बसले होते, तेव्हा ती झाकलेली नव्हतीच, कापलेली होती. कार्डाला ओव्हरफ्लो हिडन होतं, म्हणजे कडेबाहेर गेलेलं कापायचं. झाकलं गेलेलं आणि कापलं गेलेलं दिसायला सारखंच दिसतं. आता मी आधी झाकणाऱ्या घटकाला इन्स्पेक्टरमधून अदृश्य करते. तरीही आपला घटक दिसला नाही तर तो कापलेला आहे, आणि मग आकड्यांचं काही काम नाही.

सध्या अख्ख्या पानात झेड-इंडेक्सचे तीनच आकडे उरलेत आणि ते फाइलच्या सुरुवातीला नावं देऊन ठेवलेत: थर-चिठ्ठी १, थर-पट्टी १०, थर-सूचना २०. सीएसएसमध्ये अशी नावं देवनागरीतही चालतात. आकडे तेवढे इंग्रजी अंकांत लिहावे लागतात. प्रत्येकाच्या शेजारी एक ओळ आहे, हा आकडा कोणत्या उतरंडीतला आहे ती. थर-चिठ्ठी १ च्या पुढं "कार्डाच्या आत" एवढंच लिहिलंय.

मे महिन्यात मामांसोबत मी चारठाण्याला गेले होते. ऊन उतरल्यावर त्यांनी बारवेचा एक जिना मोजला, मी टेपचं दुसरं टोक धरलं. शेजारच्या वाड्यातला एक मुलगा येऊन उभा राहिला तेव्हा मामांनी त्याच्या हातात फोन दिला. त्यानं मेनू उघडला, जिंतूर निवडलं, पान खाली सरकवत नकाशावर आला, पट्टी वर जागेवर होती. आपल्या गावाच्या खुणेवर बोट ठेवलं आणि मामांना म्हणाला, "आजोबा, आमच्या मळ्याकडं अजून एक हाय. ती कामून नाही यात?"

मामांनी वहीचं नवं पान काढलं.